इस्रायल आळीत आता कोण राहतं?

आमचे मामा बुऱ्हाणपूरचे. सगळी नोकरी रेल्वेत झाली, त्यातली बरीचशी भुसावळ-खंडवा पट्ट्यात. माझ्या बायकोचं, म्हणजे मामांच्या सूनबाईंचं, माहेर अलिबागचं आणि ती कॉलेजात इतिहास शिकवते. ही दोघं एका खोलीत आली की वाद ठरलेला. मला तो आवडतो, कारण मधे मला फारसं बोलावं लागत नाही. या खेपेला बुऱ्हाणपुरात निमित्त झालं अमेरिकेतल्या डोथन या गावाचं. अलाबामा राज्यातल्या या छोट्या शहरातल्या ज्यू मंडळींनी 2008 साली जाहीर केलं की, जे ज्यू कुटुंब इथे येऊन राहील आणि सिनेगॉगच्या कामात भाग घेईल, त्याला 50 हजार डॉलरपर्यंत मदत देऊ. सूनबाईंनी हे सांगितलं आणि मावा-जिलबीचा पुडा सुटायच्या आत वाद पेटला. ऐकला तसा उतरवून देतो. कंसातले शेरे माझे.

मामा : पन्नास हजार डॉलर देऊन भाविक आणायचे? हे म्हणजे भजनाला टाळकरी रोजंदारीवर लावण्यातलं झालं.

सूनबाई : हसू नका मामा. परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना होत नाही. डोथनची मंडळी सुधारक पंथाची, तिथे बायकाही मोजतात. तरी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा त्यांनी हा मार्ग काढला.

मामा : पण अशा गावात ज्यू गेलेच कशाला होते? मला वाटायचं, अमेरिकेत ज्यू म्हणजे न्यूयॉर्क.

सूनबाई : सगळ्यांना तसंच वाटतं. एकोणिसाव्या शतकात बव्हेरिया, अल्सास अशा जर्मन भाषेच्या मुलखांतून तरुण पोरं अमेरिकेत गेली. हातात भांडवल नाही. मग घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर सुया, दोरे, कापड, चष्मे घ्यायचे, गठ्ठा पाठीवर टाकायचा आणि कापसाच्या मळ्यांतून दारोदार हिंडायचं. चार पैसे साठले की घोडागाडी, आणखी साठले की गावातल्या मोठ्या रस्त्यावर दुकान. दुकान जमलं की भावाला बोलवायचं, मग बायको आणायची, मग स्मशानासाठी जमीन घ्यायची. सिनेगॉग सगळ्यात शेवटी. मिसिसिपी नदीकाठचं नॅचेझ, पोर्ट गिब्सन, अलाबामातलं सेल्मा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. ली शाय वाइसबाख नावाच्या इतिहासकाराने 2005 साली यावर मोठं पुस्तक लिहिलं. ज्या गावांत ज्यू शंभर ते नऊशे नव्याण्णव, एवढ्याच गावांचा त्याने अभ्यास केला.

मामा : म्हणजे आपल्या बोहऱ्यांसारखंच. गावोगाव हार्डवेअरचं, नाहीतर काचसामानाचं दुकान.

सूनबाई : अगदी. आणि दुकानदार म्हणून त्यांना मान होता. काही ठिकाणी तर ते महापौरही झाले. बॅरी गोल्डवॉटर 1964 साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले होते ना, त्यांचे आजोबा ऍरिझोनातले असेच ज्यू दुकानदार.

मामा : मग आता तिथे कोणी का नाही, ते मी सांगतो. पुस्तक वाचायची गरज नाही. मोठी साखळी दुकानं आली, छोटी बसली. पोरं कॉलेजात शिकली, डॉक्टर-वकील झाली, त्यांना बापाच्या गल्ल्यावर बसायचं नव्हतं. धंदा गेला की आळी आपोआप गेली.

(मामांना ‘आपोआप’ हा शब्द फार आवडतो. पण अमेरिकेतल्या दक्षिणेच्या गावांबद्दल अभ्यासकही जवळपास हेच सांगतात. पोरं गेली ती अटलांटा, डॅलस, ह्यूस्टनला.)

सूनबाई : आपोआप काही होत नाही, पण बरोबर आहे तुमचं. फक्त हे गणित कोकणाला लावून दाखवा.

मामा : कोकणाला कशाला?

सूनबाई : कारण छोट्या गावातले ज्यू बघायला मला मिसिसिपीला जायची गरज नाही. अलिबागला आमच्या घरापासून चालत गेलं की इस्रायल आळी लागते. मागेन आबोथ हे तिथलं सिनेगॉग, मूळ 1848 चं. रेवदंड्याला आहे, पेणला आहे, पनवेलला बेथ एल आहे, तेही त्याच सुमाराचं. एका जुन्या कुलाबा जिल्ह्यात इतकी! आणि ही माणसं पाठीवर गठ्ठा घेऊन आलेली नव्हती. ती गावातलीच होती. तेली.

मामा : शनवार तेली. माहीत आहे मला.

सूनबाई : नाव माहीत आहे, पण त्याचा अर्थ बघा. गावात तेल गाळणारे दुसरेही होते, ते सोमवारी घाणा बंद ठेवायचे, शंकराचा वार म्हणून. हे शनिवारी बैल सोडायचे. गावाने त्यांना धर्म विचारलाच नाही, सुट्टीचा वार बघितला आणि नाव ठेवलं. अमेरिकेतला ज्यू दुकानदार गिऱ्हाइकाशी कितीही गोड बोलला तरी बाहेरून आलेलाच राहिला. इथे हा माणूस गावगाड्यात बसलेला, जातीच्या उतरंडीत त्याची पायरी ठरलेली. आडनावं बघा. किहीमचे ते केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर. नकाशा घेऊन बसलं तर रायगडातली शंभरावर गावं या आडनावांत सापडतात.

मामा : आणि ते जहाज फुटल्याची गोष्ट? ती खरी मानायची का?

सूनबाई : नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. केव्हा, ते नक्की सांगता येत नाही. कोणी ख्रिस्तपूर्व दुसरं शतक म्हणतं, कोणी बरंच अलीकडचं. गंमत म्हणजे चित्पावनांच्या कथेतही समुद्राने किनाऱ्याला लावलेले चौदाच देह आहेत. कोणी कोणाची गोष्ट घेतली त्यावर भांडत बसण्यात मला रस नाही. अलीकडे जनुकांच्या अभ्यासातून त्यांच्या रक्तात पश्चिम आशियाचा अंश असल्याचं दिसलं आहे, तेवढं पुरे.

मामा : इतकी शतकं कोकणात राहून ज्यूपणा टिकला कसा? हिब्रू तर विसरले होते म्हणतात.

सूनबाई : भाषा विसरले, स्वयंपाकघर नाही विसरले. दावीद राहबी नावाचा एक जाणकार आला, त्याने परीक्षा म्हणून बायकांसमोर मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे उचलून बाजूला टाकले, अशी आख्यायिका आहे. राहबी कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. पण गोष्ट कोकणात घडल्यासारखीच वाटते. किनाऱ्यावर जन्म काढायचा आणि कोळंबीला हात लावायचा नाही, चिंबोरीला लावायचा नाही, याला किती निग्रह लागत असेल, ते अलिबागकरालाच कळेल. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवार, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी काळ काढला. आणि मटणात नारळाचं दूध. मांस आणि दूध एकत्र चालत नाही ना, मग गाईम्हशीच्या दुधाचं काम नारळाकडे. सणांची नावंसुद्धा इथलीच. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास असतो, त्याला बिरड्याचा सण म्हणायचे, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. एक खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवसाला दारफाळणीचा सण, दिवसभर दार लावून घरात बसायचं म्हणून.

(इथे मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “वाल सोलायला लागत असतील तर तो उपास खराच.” वाद पाचेक मिनिटं थांबला, कारण मामांना बिरड्याची आठवण झाली आणि बुऱ्हाणपुरात कडवे वाल चांगले मिळत नाहीत यावर स्वतंत्र चर्चा झाली.)

मामा : ठीक. गावातले होते, मान्य. मग माझा प्रश्न आणखी अवघड होतो. दुकानदार गेला तर समजू शकतं, तो आलाच होता धंद्यासाठी. पण ज्याच्या आडनावातच गाव आहे, तो का उठला? मला विचारशील तर कारण तेच. घाणा. रॉकेल आलं, दिव्यात तेल जळेना. गिरणीचं तेल आलं, बैलाचा घाणा परवडेना. आणि दुसरीकडे मुंबईत पगार.

सूनबाई : पगार आधी आला, मामा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती होत होते. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यातलाच एक देशी अधिकारी. टिपूच्या कैदेत सापडला, सुटून आला आणि 1796 साली मुंबईत त्याने सिनेगॉग बांधलं. शार हरहमीम, दयेचं द्वार. त्यांच्या बोलण्यात सिनेगॉगला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असं सांगतात.

मामा : रेल्वेवाल्याला हे कोणी चाळीस वर्षांत सांगितलं नाही! पण बघ, माझंच खरं झालं. दिवेकर दिव्याला परत गेला का? नाही. मुंबईत राहिला. मग पुढे पोस्ट, तारखातं, कस्टम, आमची रेल्वे. भुसावळला आमचे एक साहेब होते, आडनावाला ‘कर’. आम्हाला वाटायचं कोकणस्थ नाहीतर सीकेपी. एकदा त्यांनी घरी बोलावलं, मुलाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता. समोर मोठं ताट. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, वर फळं रचलेली. केळी मीच इथून नेली होती. मला वाटलं सत्यनारायण. तेवढ्यात सगळ्यांनी डोक्याला रुमाल बांधले आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेत काही म्हणायला लागले. तेव्हा कळलं की साहेब ज्यू. दोन-तीन वर्षांत गेले इस्रायलला. क्वार्टर दुसऱ्याला मिळालं.

सूनबाई : ताटातला तो मलिदा. आणि त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी मला सांगा, साहेब का गेले असतील? पगार होता, क्वार्टर होतं, कोणी त्रास दिला होता?

मामा : छे! त्रास कशाचा? आम्हाला तर पत्ताच नव्हता.

सूनबाई : हाच तर फरक. मिसिसिपीत जॅक्सनचं सिनेगॉग 1967 साली बाँबने उडवलं, पुढच्या वर्षी मेरिडियनचं. कू क्लक्स क्लॅनचं काम. कोकणात, मुंबईत, पुण्यात शेजाऱ्यांनी असं एकदाही केलं नाही. तरी अमेरिकेतले ज्यू अमेरिकेतच राहिले, फक्त गाव सोडून शहरात गेले. आमचे मात्र देश सोडून गेले. तुमच्या धंद्याच्या गणितात हे बसत नाही.

मामा : बसतं की. पोरींची लग्नं. दहा घरांच्या आळीत नवरा कुठून आणणार? सगळे एकमेकांचे चुलत-मावस. मुंबई गाठा. मुंबईतले निम्मे इस्रायलला गेले की उरलेल्यांनी काय करायचं? तेही जाणार. एक डबा निघाला की मागचे ओढले जातातच.

सूनबाई : लग्नाचं खरं आहे. पण धर्माचं ओढणंही खोटं नाही. हजारो वर्षं प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेतलं, आणि 1948 साली तो देश खरोखर झाला. अलिबागच्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल! तुमच्याआमच्या हिशेबात ते बसवू नये.

मामा : आणि तिथे गेल्यावर काय स्वागत झालं? तेही सांग की. सगळं गोड गोड नको.

(मामांनी हे बरोबर पकडलं. आमच्याकडे बेने इस्रायलांची, म्हणजे या कोकणी ज्यूंची, गोष्ट सांगताना भारताच्या सहिष्णुतेवर येऊन थांबायची सवय आहे. पुढचं कोणी सांगत नाही.)

सूनबाई : सांगते. पहिले गेलेले वाळवंटाकडच्या नव्या वसाहतींत पडले, बेरशेबा, पुढे दिमोना. हलकी कामं, वर रंगावरून बोलणी. काही जणांनी धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून, आणि 1952 साली काहीजण परत आलेही. नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने शंका काढली. या लोकांचे घटस्फोटाचे, पुनर्विवाहाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का? म्हणजे यांच्याशी लग्न लावताना पिढ्यांची चौकशी करा. कोकणात ज्यांना शनिवारमुळे वेगळं काढलं होतं, ते स्वतःच्या देशात पुरेसे ज्यू ठरेनात. 1964 साली जेरुसलेममध्ये त्यांनी मोठं आंदोलन केलं, संसदेत चर्चा झाली, ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारने ठणकावलं, तेव्हा धर्मपीठ नमलं.

मामा : म्हणजे इथे जात, तिथेही जात.

सूनबाई : इथे त्यांच्यातही होतीच. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. काळे म्हणजे ज्यांची आई समाजाबाहेरची, त्यांची संतती. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. कोकणातून घेतलेल्या गोष्टींत हीसुद्धा एक. विधवेचं लग्न न करणं हीसुद्धा.

मामा : मग तुला नेमकं दुःख कशाचं आहे? गेले. चांगले शिकले, चांगले राहिले. आपल्या या गावाकडे बघ. मुघलांच्या दख्खनच्या सुभ्याचं ठाणं होतं हे. टॉमस रो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून 1615 साली आधी इथे आला, जहांगीरला नंतर भेटला. सुभा औरंगाबादला गेला, गाव रिकामं झालं. माणसांचं सोड, मुमताज 1631 ला इथे गेली, तापीच्या पलीकडे बागेत पुरली, तर तिलासुद्धा उचलून आग्र्याला नेली. जाणाऱ्याला अडवू नये आणि रिकाम्या इमारती कुरवाळू नयेत. विणकर राहिले, कारण माग राहिला. हातमागाचा यंत्रमाग झाला, पण ठकठक चालू आहे. ज्या दिवशी ती थांबेल, त्या दिवशी त्यांचा मोहल्लाही रिकामा होईल.

सूनबाई : आणि बोहरी?

मामा : त्यांचं काय?

सूनबाई : दर्गाह-ए-हकीमी. बुऱ्हाणपुरात राहणारे बोहरी किती आणि येणारे किती?

मामा : राहणारे मोजके. येणारे… येतात की जगभरातून. आफ्रिकेतून, लंडनहून. अठराव्या शतकातल्या सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन साहेबांची कबर आहे ती.

सूनबाई : मग त्यांची वस्ती इथली संपली, असं म्हणाल का? नाही ना? अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हन्नबी अग्निरथातून स्वर्गात गेला, तो जाताना इथे टेकला आणि रथाच्या चाकांच्या, घोड्याच्या टापांच्या खुणा दगडात उमटल्या, अशी श्रद्धा. मुंबईहून, ठाण्याहून गाड्या करून लोक येतात, मलिदा करतात, नवस बोलतात. इस्रायलहून आलेली मंडळीही येतात. जगभरातल्या ज्यूंना एलियाहू माहीत आहे, पण त्याचा रथ कोकणात टेकला हे फक्त यांना माहीत आहे! नॅचेझ सोडून डॅलसला गेलेल्या कुटुंबाला नॅचेझला परत जायचं काही कारण नाही, आजोबांची कबर सोडली तर. यांना आहे. दिमोनात जन्मलेल्या पोराचं आडनाव पेणकर आहे. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. माणसं गेली, पण गाव अंगावर घेऊन गेली.

मामा : दर्ग्याचं उदाहरण देऊन तू माझंच म्हणणं पक्कं केलंस. दर्ग्याभोवती मुसाफिरखाने आहेत, रिक्षा आहेत, मिठाईवाले आहेत. धंदा आहे म्हणून रस्ता चालू आहे. तुझ्या खडकाशी काय आहे?

सूनबाई : नारळवाला आहे.

(यावर मामा मनापासून हसले. हार मानली असं मात्र नाही, त्यांनी फक्त जिलबी घेतली.)

मामा : आणि सिनेगॉग? तिथे दहा माणसं जमतात?

सूनबाई : अलिबागला सणाला जमतात. एरवी कधी मुंबईहून येणाऱ्यांची वाट बघतात. आत गेलं की समोर हेखाल, म्हणजे पवित्र गुंडाळ्या ठेवायचं कपाट, मखमली पडदा ओढलेला. मधे लाकडी कठड्याचा तेबा, त्यावर उभं राहून वाचायचं. बाजूला एलियाहू हन्नबीची खुर्ची, त्यावर कोणी बसत नाही, फक्त सुंतेच्या वेळी बाळाला क्षणभर टेकवतात. लहानपणी मी एकदा बसायला गेले होते, तर तिथल्या आजींनी हात धरून ओढलं आणि मग हातात हलवा ठेवला. चिकाचा हलवा, नारळाच्या दुधातला.

मामा : आणि जिथे एकही घर उरलं नाही, तिथे?

सूनबाई : तिथे शेजारी बघतात. पोर्ट गिब्सनची गोष्ट सांगते. 1890 च्या आसपास बांधलेलं घुमटाचं सिनेगॉग. गावातले ज्यू संपले, 1980 च्या दशकात ते पाडायला निघाले होते. गावातल्याच एका ख्रिस्ती जोडप्याने ते विकत घेऊन वाचवलं. त्याच दशकात मिसिसिपीत एक संग्रहालय सुरू झालं, बंद पडलेल्या सिनेगॉगांमधलं सामान सांभाळायला. 2021 पासून ते न्यू ऑर्लिन्समध्ये आहे.

मामा : तिकडे पैसा आहे.

सूनबाई : इकडे कागद आहेत. 1874 साली पुण्यात छापलेला वल्हांडणाचा ग्रंथ आहे, चित्रांतल्या बायका लुगडी नेसून बेखमीर भाकरी लाटतायत. जॉन विल्सन या पाद्र्याने 1832 साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, ते यांच्यासाठीच. या लोकांनी मोशे, योसेफ यांच्यावर मराठी कीर्तनं रचली, ओव्या, साक्या, दिंड्यांत. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 साली समाजाचा इतिहास लिहून ठेवला, छापला गेला 1937 ला, तोही तेल अवीवमध्ये! चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं. अशी किती पडून असतील?

मामा : कागद ठेवायला माझी ना नाही. मी इमारतींबद्दल बोलत होतो.

सूनबाई : मघाशी तुम्ही रिकाम्या इमारती कुरवाळू नका म्हणालात. कागद इमारतीतच असतात, मामा. कपाटासकट विकले जातात.

इथे वीज गेली आणि वादही. आता माझं मत, कोणी विचारलेलं नसलं तरी.

ते का गेले, याबाबत मला मामांचं पटतं. पगार, शिक्षण, मुलींची लग्नं आणि दहा माणसांची गरज, यांनी छोट्या गावातली छोटी जमात उठते, मग ती मिसिसिपीत असो की म्हसळ्यात. सूनबाई इस्रायलची ओढ सांगतात ती खरी, पण ती ओढ पनवेलच्या शेतकऱ्याआधी मुंबईच्या कारकुनाला लागली, आणि तो कारकून पगारासाठी आधीच गाव सोडून आला होता. मात्र ‘गेले की संपलं’ हे मामांचं मत मला पटत नाही. मराठी मुलखाने या लोकांकडून बरंच घेतलंय आणि त्याची नोंद ठेवलेली नाही. मुंबईचे 1937 सालचे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. वरळीच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, पण ते कोण हे तिथून रोज जाणाऱ्याला ठाऊक नसतं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल. यांच्या घराण्यांची मुळं त्याच खेड्यांत. स्वातंत्र्यानंतरच्या काळात वीस हजारांहून अधिक असलेला हा समाज आज साऱ्या देशातले ज्यू धरूनही पाच हजारांच्या आत आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, तेव्हा अल्पसंख्य म्हणून मोजायलाही फार कोणी उरलं नव्हतं.

अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड, रोहे या भागांत ज्यांची जुनी घरं आहेत, त्यांना एक विनंती. घर पाडताना, माळा साफ करताना मराठीतली जुनी प्रार्थनेची पोथी, कीर्तनाची वही, इस्रायल शेजाऱ्यांचं खरेदीखत किंवा फोटो हाताला लागला, तर तो रद्दीत घालू नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात नेऊन द्या. आणि अलिबागला किल्ला बघायला जाल, तेव्हा इस्रायल आळीतही चक्कर टाका. आत जायचं असेल तर आधी विचारा, डोकं झाका, आणि शनिवारी कॅमेरा घेऊन जाऊ नका.